ड्रायव्हरची झोप आणि आपली घाई



थंडी पडू लागली की आपल्या वस्त्यांमध्ये गाड्या ठरू लागतात. विहाराच्या ओट्यावर वही उघडली जाते, नावे लिहिली जातात, माणशी वर्गणी ठरते. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला महाड, १ जानेवारीला कोरेगाव भीमा, ३ जानेवारीला सावित्रीमाईंचे नायगाव आणि १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी विद्यापीठाचे प्रवेशद्वार. वर्षातले आपले हे मोठे प्रवास नेमके थंडी-धुक्याच्या चाळीस दिवसांत येतात, हे आपण कधी ध्यानात घेतले आहे काय? याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात असतो आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते.

आपला प्रवासही बहुतेक रात्रीचा असतो. कारण साधे आहे. दिवसा प्रवास केला तर एक खाडा जास्त पडतो. मजुरीवाल्याचा रोज बुडतो, नोकरीवाल्याची रजा जाते. म्हणून रात्री निघायचे, दिवसभर अभिवादन, पुस्तकांचे स्टॉल, भेटीगाठी करायच्या, रात्रीच परतायचे आणि सकाळी कामावर हजर व्हायचे. हा हिशेब आपण बोटावर करतो. त्यात एका माणसाचा हिशेब मात्र कुणी धरत नाही. तो माणूस म्हणजे गाडी चालवणारा. आम्हीही तो धरला नव्हता. त्याचे काय झाले ते आज सांगतो, कारण यंदाच्या वह्या उघडण्याआधी ते सांगितले पाहिजे.

गोष्ट २०१३ सालची. १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जालन्याहून एक जीप ठरवली होती. ठरवणारे आम्हीच. गाडी नऊ आसनांची आणि माणसे तेरा, त्यात चार बायका आणि दोन मुले. घासाघीस करून भाडे पाचशे रुपयांनी उतरवले, याचा त्या वेळी आम्हाला अभिमानच वाटला होता. गाडीमालकाने ते पाचशे रुपये दुसरीकडून भरून काढले. ३० डिसेंबरच्या रात्री त्याने हीच गाडी आणि हाच ड्रायव्हर शिर्डीच्या भाड्यावर पाठवला. ३१ च्या दुपारी तो परतला आणि रात्री दहाला आमच्या दारात उभा राहिला. हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि खरे सांगायचे तर आम्ही विचारलेही नव्हते.

दिवसभर आम्ही सारे स्तंभापाशी होतो आणि तो गाडीपाशी. गर्दी वाढली तशी त्याला तीनदा गाडी हलवावी लागली. परतताना गर्दीतून बाहेर पडायलाच मध्यरात्र झाली. शिरूरला चाक पंक्चर झाले. नगरला चहाला थांबलो तेव्हा तीन वाजले होते. तो म्हणाला, "साहेब, तासभर डोळा लावतो, मग निघू." पुढच्या सीटवर आम्ही होतो. आम्ही म्हणालो, "अहो दादा, झोपायचं आता घरी जाऊन. सकाळी मस्टरवर सही करायची आहे." त्याने वाद घातला नाही. तोंडावर पाणी मारले, तंबाखू मळली आणि गाडी सुरू केली.

घोडेगावच्या पुढे साडेचारच्या सुमारास धुके लागले. त्या पट्ट्यात कालव्याचे पाणी आहे, दोन्ही बाजूंना ऊस आहे. काचेपुढे पांढरा पडदा धरल्यासारखे झाले होते. मागे सारे झोपलेले, आमचाही डोळा लागलेला. जाग आली ती त्याच्या ओरडण्याने. समोर उसाची ट्रॉली उभी होती. चाक बसल्यामुळे ती रस्त्याच्या कडेला, अर्धी डांबरावर उभी केलेली. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, नुसते चार दगड ठेवलेले. उजवीकडून ट्रक येत होता, म्हणून त्याने गाडी डावीकडे शेतात ओढली. ट्रॉलीचा कोपरा उजव्या बाजूने, म्हणजे त्याच्याच बाजूने, आत घुसला. डावीकडे आम्ही बसलो होतो.

कुणाचा जीव गेला नाही. मागच्या एका ताईंचे मनगट मोडले. आमच्या कपाळाला चार टाके पडले. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली चेचला गेला.

फिर्याद द्यायची वेळ आली तेव्हा सर्वांनी आम्हालाच पुढे केले. आम्ही शिकलेले, कागदोपत्री कामातले. आम्ही सांगितले, "चालकाला झोप लागली, त्याच्या हयगयीने अपघात झाला." त्यात खोटे काहीच नव्हते. मात्र नगरला त्याने तासभर झोप मागितली होती आणि आम्ही ती दिली नाही, हे वाक्य त्या कागदावर नव्हते. पुढे आम्ही कधीतरी हिशेब करून पाहिला. नगर ते जालना सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. तो तास त्याला दिला असता तरी आम्ही साडेआठ-नऊपर्यंत घरी पोचलो असतो आणि मस्टरवरची सहीही चुकली नसती.

वाचकहो, एका माणसाच्या मनाला लागलेली गोष्ट सांगून हा लेख संपवायचा नाही. ती रात्र कशी टळली असती, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी धुक्याविषयी. धुक्याचा त्रास उत्तरेकडच्या लोकांना, आपल्याकडे काय ते थोडे दव, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडते. जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. जिथे नदी आहे, धरण आहे, कालवा आहे, भिजवलेली शेते आहेत, तिथे बाष्प जास्त आणि धुकेही जास्त. त्यात कुणी शेतात उसाचे पाचट पेटवलेले असेल तर धूर मिसळून ते आणखी दाटते. मोकळ्या रस्त्यावर काही नाही आणि ओढ्याच्या पुलावर हात दिसत नाही, असे होते ते यामुळेच. धुके पहाटेपासून सूर्योदयानंतरच्या तासा-दीड तासापर्यंत सर्वांत दाट असते. ऊन चढले की जमीन तापते आणि ते विरते. कसारा, खंडाळा, माळशेज या घाटांत तर वळण आणि धुके एकदमच समोर येतात.

दिसण्याचे अंतर २०० मीटरच्या खाली गेले की हवामान खाते त्याला दाट धुके म्हणते, आणि ५० मीटरच्या खाली गेले की अतिदाट. आता थोडे गणित करू. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायलाच एक-दीड सेकंद लागतो. मग ब्रेक लागून गाडी जागेवर थांबेपर्यंत, कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले तरी, एकूण सत्तर-ऐंशी मीटर जातात. गाडी भरलेली असेल तर त्याहून जास्त. म्हणजे ५० मीटरच दिसत असताना ८० चा वेग ठेवणारा ड्रायव्हर कितीही तरबेज असला तरी ट्रॉली दिसल्यावर थांबू शकत नाही. तोच वेग ४० असेल तर तीस मीटरच्या आसपास गाडी उभी राहते. जेवढे दिसते त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, हा नियम लहान मुलालाही समजेल असा आहे.

आणि डुलकी? चार सेकंदांची डुलकी लागली तर ८० च्या वेगाने गाडी जवळजवळ ९० मीटर आंधळी धावते. माणसाच्या शरीराला स्वतःचे घड्याळ असते. रात्री दोन ते सकाळी सहा हा वेळ त्या घड्याळाने झोपेसाठीच राखलेला आहे. तोंडावर पाणी मारून, गाणी लावून, तंबाखू खाऊन ती झोप हटत नाही, थोडी पुढे ढकलली जाते एवढेच. चहाचाही परिणाम व्हायला अर्धा तास लागतो. झोपेवरचे खरे औषध झोप. गाडी रस्त्यापासून दूर, उजेडात, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर उभी करून घेतलेली वीस मिनिटांची झोप हजार गाण्यांपेक्षा मोलाची. तेवढ्यानेही भागत नसेल तर मात्र रात्र तिथेच काढावी. झोपताना एक काळजी घ्यावी. काचा बंद करून इंजिन चालू ठेवून झोपू नये. गाडीच्या धुरातला विषारी वायू आत साचला तर झोपलेला माणूस उठत नाही. कोळशाची शेगडी आत घेऊन बसणे त्याहून वाईट.

आता रस्ते बदलले आहेत. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. विदर्भातून दादरला येणाऱ्यांची सोय झाली, यात शंका नाही. पण सरळ, रुंद, एकसारखा रस्ता हा झोपेचा मित्र असतो. खड्डा नाही, वळण नाही, डोळ्यांना काम नाही. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच रस्त्यावर वैजापूरजवळ प्रवाशांनी भरलेली एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. तीही माणसे श्रद्धेने निघालेली होती, दर्ग्यावरून परतत होती. श्रद्धा कुणाचीही असो, रस्ता सर्वांना सारखाच नियम लावतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे विधेयक १९४६ साली त्यांनी मांडले, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याला फार तर दिवसाला दहा तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे लिहिले गेले. २०२० च्या संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. पण १९६१ चा कायदा होता तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी. एका जीपच्या मालकाकडे राबणारा एकटा ड्रायव्हर त्यातून निसटला. त्याचे तास कोण मोजणार? गाडी ठरवणारा मोजणार, म्हणजे आपणच मोजणार. गिरणीत, कारखान्यात, पालिकेत ज्यांनी आठ तासांचे मोल ओळखले, त्यांनीच एका रात्रीपुरते मालक झाल्यावर दुसऱ्याचे तास विसरावेत, हे शोभत नाही. आपल्याच घरातली किती मुले आज टेम्पो, रिक्षा, कॅब चालवून घर चालवतात! आपला मुलगा दुसऱ्याच्या भाड्यावर गेला असता त्याला जी विश्रांती मिळावी असे वाटते, तीच आपण भाड्याने घेतलेल्या मुलाला द्यावी.

त्या अपघातानंतर आमच्या मंडळाने एक पद्धत पाडली. गाडी ठरवताना गाडीमालकाबरोबर साध्या कागदावर पाच गोष्टी लिहायच्या आणि दोघांनी सह्या करायच्या. पहिल्या वर्षी दोन मालक कागद पाहून निघून गेले. तिसरा थांबला, आणि आता तोच दरवर्षी गाडी देतो. त्या पाच गोष्टी अशा.

१. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने चालवण्याचा परवाना असलेली हवी. विमा, फिटनेस आणि परमिटचे कागद आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहायचे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेली आणि काही झाले, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

२. जेवढी आसने तेवढीच माणसे. मांडीवर घ्यायचे मूलसुद्धा माणूसच धरायचे. कायद्याने जादा प्रवाशांना दंड आहे, पण दंडापेक्षा ब्रेक महत्त्वाचा. भार वाढला की गाडी उशिरा थांबते.

३. ड्रायव्हरची आदली रात्र झोपेची असली पाहिजे. पोचल्यावर गाडी लागली की तो झोपणार, गाडी राखणार आपल्यातले दोघे. रात्रभराचा लांब पल्ला असेल तर ड्रायव्हर दोन.

४. परतीला रात्री अकराच्या पुढे गाडी चालणार नाही. मुक्काम करायचा आणि सकाळी धुके विरल्यावर निघायचे.

५. ड्रायव्हर थांबतो म्हणाला की गाडी थांबेल. त्यावर चर्चा नाही.

चौथ्या अटीवर सर्वांत जास्त भांडण झाले. एक बंधू म्हणाले, "तुमची रजा मंजूर होते, आमचा रोज बुडतो." त्यांचे म्हणणे खरे होते. मग दोन गोष्टी केल्या. माणशी वर्गणी थोडी वाढवून ज्यांचा रोज बुडतो त्यांना त्यातून हातभार लावू लागलो. आणि वाटेतल्या गावच्या विहाराला आधी निरोप देऊन ठेवू लागलो. आपल्या वस्तीत विहार नाही असे गाव विरळा. सतरंजी आणि छप्पर एवढेच लागते, चहा तिथल्या महिला मंडळाच्या ताई मागितल्याशिवाय देतात. त्या मुक्कामात नव्या ओळखी होतात, तीन गावांची सोयरीकही त्यातूनच जुळली. खाडा पडतो हे नाकारत नाही. पण मोडलेल्या पायाचे खाडे कोण मोजणार?

निघण्याआधी माहिती घ्यावी, ही सवयही लावून घेतली पाहिजे. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांत हवामान सांगतात. हवामान खात्याचे 'मौसम' नावाचे अ‍ॅप मुलांच्या फोनमध्ये घेता येते. तिथे जिल्ह्यापुढे रंग दिसतो. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा. घरातल्या शाळकरी मुलीला हे काम दिले तर ती आनंदाने करते आणि तिच्या शब्दाला किंमत आहे हे तिलाही कळते. वाटेत ढाब्यावर समोरून आलेल्या ट्रकवाल्याला "पुढं धुकं कसंय?" असे विचारावे. त्याच्याइतकी ताजी खबर कुणाकडे नसते.

निघताना चारही टायरची हवा आणि स्टेपनी पाहावी. पुढचे-मागचे दिवे लावून एकाने बाहेर उभे राहून तपासावेत. वायपर चालतो का, काचेवर मारायचे पाणी आहे का, हे पाहावे. काच आतूनही पुसावी. गाडीत दहा जण श्वास सोडत असले की आतल्या बाजूने वाफ धरते आणि बाहेर धुके नसले तरी दिसेनासे होते. अशा वेळी खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी, किंवा पंख्याची हवा काचेवर सोडावी. मागच्यांना थोडी थंडी वाजेल, ती सोसावी.

धुक्यात अप्पर लावू नये. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या दिव्यावर चालावे. धुक्याचे वेगळे दिवे असतील तर ते लावावेत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवण्याची एक खोड पडली आहे. त्याने मागच्याला आपण वळतो की थांबतो तेच कळत नाही. ते दिवे गाडी थांबल्यावर लावायचे. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटून चालू नये, कारण ती आदळली की आपणही आदळतो. ओव्हरटेक करू नये. डावीकडची पांढरी पट्टी धरून चालावे. काहीच दिसेनासे झाले तर रस्त्यावर थांबू नये, रस्ता सोडून पूर्ण खाली उतरावे. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने जागे राहावे आणि बोलत राहावे. ज्याला झोप आवरत नाही त्याने मागे जावे. २०१३ साली ही जागा आमची होती आणि आम्ही झोपलो होतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो. सीटबेल्ट मागच्यांनीही लावायचा आहे.

पहाटेचा रस्ता केवळ प्रवाशांचा नसतो. आपली कितीतरी माणसे सफाई खात्यात आहेत. अंधारात झाडू घेऊन ती रस्त्याच्या कडेला वाकलेली असतात. चमकणारे जाकीट खात्याकडून मागून घ्यावे, तो हक्क आहे, आणि मिळाल्यावर ते पेटीत न ठेवता अंगात घालावे. पहिल्या पाळीला मोटारसायकलवर जाणाऱ्यांनी हेल्मेट घालावे आणि त्याची काच किंचित उघडी ठेवावी, म्हणजे वाफ धरत नाही. हातमोजे घालावेत, गारठलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. मफलरचे, शालीचे, साडीच्या पदराचे टोक मोकळे सोडू नये, चाकात जाते.

आणि उसाच्या गाड्या. त्या चालवणारा, त्यांवर ऊस लादणारा तोडणी कामगारही आपल्यासारखाच पोटासाठी घर सोडून आलेला. त्याच्यावर राग काढून काय होणार? त्या ट्रॉलीला मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी चमकणारी पट्टी लावलेली असती तर आमच्या ड्रायव्हरला ती वेळेत दिसली असती. हंगामाच्या सुरुवातीला काही कारखान्यांवर परिवहन खाते आणि पोलीस अशा पट्ट्या लावून देतात. गेली काही वर्षे आमच्या मंडळाची मुलेही हे काम करतात. बैलगाडीच्या मागेही पट्टी लावतात. खर्च किरकोळ, दुपारभराचे काम. ज्यांच्या गावावरून उसाचा रस्ता जातो त्या प्रत्येक शाखेला हे करता येईल.

एवढे करूनही अपघात झाला तर? १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. हे तीन आकडे घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. पहिला तास मोलाचा. मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती सोडा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यानेही मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने योजना काढली. तिच्यानुसार अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख न भरता मिळू शकतात. रुग्णालयात तसे ठामपणे विचारा. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करा. फिर्यादीची प्रत, पंचनामा, औषधांची बिले एका पिशवीत जपून ठेवा. आपली माणसे हक्काला मुकतात ती बहुधा कागदाअभावी.

आणि फिर्याद देताना सगळे लिहा. आपल्या सोयीचे तेवढेच लिहू नका.

त्या प्रकरणात दोन वर्षांनी आम्हाला साक्षीला बोलावणे आले. तेव्हा नगरच्या चहाच्या टपरीवरचे ते वाक्य आम्ही सांगितले. सरकारी वकिलांनी कपाळाला आठ्या घातल्या, "हे आधी का सांगितले नाही?" असे विचारले. उत्तर आमच्यापाशी नव्हते. कोर्टाच्या बाहेर तो काठी टेकून उभा होता. त्याची गाडी सुटली होती, एका पंक्चरच्या दुकानात बसायचा. आम्ही म्हणालो, "दादा, आमचं चुकलं." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही चुकीचं काय लिहिलं? झोप लागलीच होती की." आणि मग जरा थांबून म्हणाला, "पोरं बरी आहेत ना, त्या दिवशीची?"

मुले बरी आहेत. त्यातला एक आता कॉलेजात आहे आणि यंदाची वही त्याच्याच हातात आहे. परवा त्याने गाडीमालकाला पहिला प्रश्न विचारला, "ड्रायव्हर दादा आदल्या रात्री कुठं असतील?" आम्ही शेजारीच बसलो होतो. आपल्याही वहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न लिहून ठेवा, एवढीच विनंती.

जयभीम.